बाळंतिणीचा लाडू आणि सवा महिना

मी गंगाखेड तालुक्यातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करते. मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि सगळ्या उठत असताना एका सुनेनं हळूच विचारलं, "ताई, लेकरू चार महिन्यांचं झालं. आता मला शिवणाच्या दुकानात कामावर जायचंय. दूध काढून ठेवायला पंप आणला, पण वाटीच्या बुडाला लागंल एवढंच दूध निघतं. काय खाल्लं म्हणजे वाढंल?"

झालं, उठलेल्या बाया पुन्हा बसल्या. एक म्हणाली आळीव खा. दुसरी म्हणाली खसखशीची खीर. तिसरीनं शेपूची भाजी सांगितली, चौथीनं मेडिकलमधली पावडर. प्रत्येकीचं उत्तर खाण्याचंच होतं. दिवसातून किती वेळा दूध काढतेस, कुठं बसून काढतेस, तेव्हा लेकराला कोण घेतं, हे कुणीच विचारलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही. घरी आल्यावर वाटलं, आईच्या दुधाचं उत्तर आपण नेहमी डब्यातच का शोधतो? म्हणून आज थोडा इतिहास सांगते. आपल्या आज्यांपासून सुरू करून आपल्यापर्यंत येऊ.

आपल्याकडं बाळंतिणीचा खुराक ठरलेला असतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, आळिवाची खीर, खारीक, खोबरं, सुंठ, लसूण घातलेली भाजी, बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी आणि वर तुपाची धार. जेवल्यावर बडीशेप, ओवा, बाळंतशेपा. हे आजचं नाही. सुश्रुतसंहिता हा वैद्यकाचा फार जुना ग्रंथ. त्यात दूध वाढवायला गहू, जव, साठेसाळीचा भात, लसूण, शतावरी, दुधी भोपळा, मांसरस असे पदार्थ सांगितले आहेत. म्हणजे आजीचा लसूण आणि वैद्याची शतावरी दोन्ही जुन्याच.

पण त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण विसरलो. दूध का आटतं, याची कारणं सांगताना ग्रंथकार आधी राग, शोक आणि मायेचा अभाव यांची नावं घेतो. आणि दूध वाहतं कशानं? तर लेकराच्या स्पर्शानं, त्याला पाहण्यानं, त्याच्या आठवणीनं. म्हणजे बाईच्या ताटाइतकाच तिच्या मनाचा आणि लेकराच्या जवळिकीचा विचार त्या काळातल्या वैद्यानं केला होता.

म्हैस पाळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या भाषेत त्याला शब्दच आहे, पान्हा. वासरू समोर आणलं, कासेला हात फिरवला, की म्हैस पान्हावते. नवा माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, की ती पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण खाली उतरत नाही. तेव्हा आपण म्हशीला पेंड वाढवत नाही, आधी वासरू सोडतो. बाईचंही तसंच आहे. डॉक्टर सांगतात, दुधाच्या कामात दोन संप्रेरकं असतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन पान्हा सोडतं. लेकरू जितकं पितं किंवा हातानं जितकं काढलं जातं, तितकं नवं बनतं. दूध छातीत तसंच तुंबून राहिलं, तर शरीर समजतं की मागणी कमी झाली, आणि बनवणं कमी करतं. भीती, वेदना, घाई आली की पान्हा अडतो.

आता आज्यांच्या लाडवाकडं परत येऊ. लाडू खाऊन आजीला दूध यायचं, हे खरं. पण तो लाडू तिला कुठं मिळायचा? सव्वा महिन्याच्या बाळंतपणात, बहुतेक वेळा माहेरी. अंधारी खोली, शेक, अंगाला तेल, स्वयंपाक आईच्या हातचा, धुणं दुसऱ्याचं. चाळीस दिवस लेकरू कुशीत आणि रात्रंदिवस मागंल तेव्हा अंगावर. डिंक आणि तुपानं अंगाला ताकद दिली, यात शंका नाही. पण दुधाचा झरा चालू ठेवला तो त्या चाळीस दिवसांनी. लाडवाबरोबर सवड यायची. आपण लाडू ठेवला आणि सवड सोडून दिली.

सगळ्याच आज्यांना ही सवड मिळत होती, असंही नाही. ज्यांना रोज हातावर पोट भरायचं होतं, त्या पाचवी पुजून झाली की कामाला लागायच्या. आणि जुन्या रिवाजात चुकीचंही होतं. पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, वाईट म्हणून पिळून फेकायचे आणि लेकराला मधाचं बोट लावायचे. आज आपल्याला माहीत आहे की तो चीक म्हणजे लेकराचं पहिलं संरक्षण. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे, डाळी आणि पालेभाज्या बंद करायचे. जुनं म्हणून सगळं सोनं नाही. पारखून घ्यावं लागतं.

आईला स्वतःचं दूध पाजता आलं नाही, तर काय करायचे? आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण संभाजी महाराजांचं. 1657 साली पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. सईबाई राणीसाहेबांची प्रकृती बरी नव्हती. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे या माउलीनं त्यांना दूध पाजलं. राजाच्या घरी दूधआई आणता आली. गरिबाच्या घरी शेजारीण, जाऊ, मावशी अंगावर घ्यायची. नाहीच कुणी मिळालं, तर शेळीचं किंवा गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजायचे. त्यात किती लेकरं जुलाबानं गेली, त्याची कुठं नोंदही नाही.

मग गिरण्या आल्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, घाटावरून माणसं गेली, तशा बायाही गेल्या. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. सकाळी भोंगा झाला की आत, संध्याकाळी बाहेर. लेकरू चाळीतल्या खोलीत. ते रडू नये म्हणून काय द्यायचे, माहीत आहे? बाळगोळी. त्या गोळीत अफू असायची. 1922 साली डॉ. बार्न्स नावाच्या लेडी डॉक्टरनं मुंबईच्या गिरणी कामगार बायांची पाहणी केली. तिला दिसलं की कामावर जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बाया तान्ह्या लेकरांना अफू देत होत्या. त्या आया निर्दयी नव्हत्या. इकडं लेकरू अफूच्या गुंगीत उपाशी झोपायचं, तिकडं साच्यापाशी उभ्या आईचा पदर दुधानं भिजायचा आणि हळूहळू दूध आटायचं. त्या बाईला आळिवाचे लाडू देऊन काय झालं असतं?

हे ओळखून माणसं लढली. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्याच भागात आला. 1961 साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. त्यात बारा आठवड्यांची रजा होती. शिवाय, लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात रोज दोन जादा सुट्ट्या द्यायच्या, त्या फक्त पाजण्यासाठी, असंही लिहिलं होतं. 2017 साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. हेच हक्क पुढं 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले.

मैत्रिणींनो, कायद्यानं जी दिली ती सवडच होती. माहेरच्या सव्वा महिन्यालाच तिथं सरकारी भाषेत रजा म्हटलं.

याच काळात दुसरीकडून पावडरचा डबा आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र, दवाखान्यात फुकट नमुने. दोन-चार दिवस डबा दिला की लेकरू अंगावर कमी ओढतं, दूध आटतं, आणि मग डबा विकतच घ्यावा लागतो. गरीब घरात पावडर पुरवून पुरवून पातळ करायची, पाणी गढूळ, बाटली न उकळलेली. जगभर लेकरं दगावली तेव्हा ओरड झाली. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेनं अशा जाहिरातींवर बंधनं घालणारे नियम केले. आपल्याकडं 1991 च्या डिसेंबरात वर्ध्याला डॉक्टर आणि कार्यकर्ते जमले आणि स्तनपानासाठी काम करणारी देशव्यापी संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी, 1992 साली, बाळाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात बंद करणारा कायदा झाला. आज टीव्हीवर तुम्हाला ती जाहिरात दिसत नाही, ती या कायद्यामुळं.

आता आपल्या सुनेच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची गोष्ट. मुंबईत धारावीला लागून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. तिथं डॉ. अर्मिडा फर्नांडिस तान्ह्या बाळांच्या विभागात होत्या. कमी दिवसांची, कमी वजनाची लेकरं तिथं यायची. वरच्या दुधानं त्यांना जंतुसंसर्ग व्हायचा आणि ती दगावायची. बाईंनी काय केलं? आयांना विभागात बोलावलं, लेकराजवळ बसवलं, हातानं दूध काढायला शिकवलं, आणि तेच दूध लेकराला दिलं. इंग्लंडमध्ये त्यांनी दुधाची पेढी पाहिली होती. 27 नोव्हेंबर 1989 रोजी त्यांनी सायनला तशी पेढी सुरू केली. साऱ्या आशियातली ती पहिली. रक्तपेढीसारखीच ही दूधपेढी. जिला जास्त आहे ती देते. तिच्या रक्ताची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात आणि ज्याला आई नाही किंवा आईला दूध नाही, त्या आजारी लेकराला देतात. धाराऊचंच काम, पण आता तपासणीसह. म्हणूनच आज न तपासता दुसरीचं दूध पाजू नका, हेही सांगते.

त्या विभागातल्या आया बहुतेक गरीब घरच्या. लेकरू ओढू शकत नव्हतं, तरी दूध टिकलं, कारण कुणीतरी त्यांना दर दोन-तीन तासांनी बसवून दूध काढायला लावत होतं आणि लेकरू डोळ्यांसमोर होतं.

पंपाचं यंत्र फार जुनं. अमेरिकेत 1854 साली त्याचं पहिलं पेटंट निघालं. 1956 च्या सुमारास स्वीडनच्या आयनार एग्नेल या इंजिनिअरनं दवाखान्यात चालेल असा बरा पंप बनवला. पंप सोयीचा आहे, पण त्याला वासराची ओढ नाही. लेकरू जेवढं ओढतं तेवढं पंपानं येत नाही. म्हणून पंपात थोडं आलं म्हणजे मला दूधच नाही, असं समजू नका.

माझंच सांगते. माझं लेकरू पाच महिन्यांचं असताना मी एका मोठ्या गावी पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. लेकरू सासूबाईंजवळ. पहिल्या दिवशी छाती दगडासारखी झाली. दूध काढायला जागा विचारायची लाज वाटली. न्हाणीघरात उभ्यानं भिंतीवर पिळलं. तिसऱ्या दिवशी छाती हलकी वाटली, मला बरंच वाटलं. घरी आले तर लेकरू ओढून ओढून रडायला लागलं. सासूबाईंनी आळिवाची खीर केली, शतावरी आणली. आठवडा गेला, फरक नाही. मग आशाताई आल्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाच दिवस काढलंच नाही, म्हणून आटलंय. आता रात्रीसुद्धा घ्या अंगावर, आणि पिऊन झालं की वरून हातानं काढा." सासूबाईंनी सगळं घरकाम अंगावर घेतलं. आठ-दहा दिवसांत दूध परत आलं. सासूबाई आजही म्हणतात, आळिवानं आलं. मी वाद घालत नाही. खीर करणारी आणि भांडी घासणारी त्याच होत्या.

आता कामाचं नीट ऐका.

लेकरापासून लांब असाल, तर ते ज्या वेळी प्यालं असतं त्या वेळी दूध काढायचं, साधारण दर तीन तासांनी. घरी असताना पंप बाजूला, लेकरूच अंगावर. रात्रीचं पाजणं सोडू नका, रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं. काढण्याआधी साबणानं हात धुवा, कोमट ओलं फडकं छातीवर ठेवा, हलक्या हातानं चोळा. लेकराचं टोपडं जवळ ठेवा, फोटो बघा. ही मायेची गोष्ट आहेच, पण पान्ह्याचीही युक्ती आहे. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या जरा मागं धरा. आधी छातीकडं दाबा, मग बोटं जवळ आणा, मग सोडा. कातडीवर बोटं घासू नका. एक बाजू पाच-सात मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली.

भांडं स्टीलचं, झाकणाचं, उकळून घेतलेलं. घरात सावलीच्या थंड जागी दूध चार तास टिकतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्याही आधी वापरा. फ्रीज असेल तर एक दिवस. पाजताना भांडं कोमट पाण्यात धरा, गॅसवर तापवू नका. वाटी-चमच्यानं पाजा, बाटली नको.

खाण्याचं म्हणाल, तर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर ज्वारीची एक भाकरी, वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. त्यात पालेभाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी, जमल्यास अंडं किंवा दूध. आळिवात लोह भरपूर, म्हणून तो जरूर खा. मेथी, शतावरीचा काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. पाणी तहानेप्रमाणे प्या, मोजून तांबे रिचवायची गरज नाही. महागड्या पावडरीवर पैसे घालण्याआधी आई दोन्ही वेळा पोटभर जेवते का, ते बघा. अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला लेकरू सहा महिन्यांचं होईपर्यंत आहार मिळतो. तो तिच्याच पोटात जाऊ द्या, घरभर वाटू नका.

लेकराला पुरतंय का, हे पंपातल्या दुधावरून ठरवू नका. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि अंगणवाडीत वजन वाढतंय का, ते बघा. वजन वाढत नसेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

शेवटी आपल्या मराठवाड्याचं. 1972 च्या दुष्काळात आपल्या आया खडी फोडायला गेल्या. मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, बाभळीला झोळी बांधली. कामाच्या जागी लेकरांचा विचार पुढं कायद्यात आला. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं की सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं बरोबर असतील, तर ती सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं. पण दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून कोयते निघतात. तान्हं लेकरू कोपीत, आई पहाटेपासून फडात, उचल फिटेपर्यंत सुट्टी नाही. तिला ना सव्वीस आठवडे, ना पाजण्याच्या दोन सुट्ट्या. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणीतल्या बाईपेक्षा ती फार वेगळी नाही.

म्हणून त्या बैठकीनंतरच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. गटातली कुणी बाळंत झाली, तर सव्वा महिना तिचं पाणी आणि दळण पाळीपाळीनं बाकीच्या बघतील. तिचा हप्ता दोन महिने उशिरा आला तरी दंड नाही. आणि गटाच्या खोलीत पडदा लावून एक कोपरा, एक खुर्ची, हात धुवायला पाणी. पैसे फारसे लागले नाहीत. पडदा त्या सुनेनंच शिवला.

ती आता दुकानातून दुपारी दोनदा त्या कोपऱ्यात येते. दुकानवालीनं आधी कुरकुर केली, मग तिला आपलं बाळंतपण आठवलं. वाटी अजून भरत नाही, पण अर्ध्याच्या वर जाते. परवा तिनं गटात लाडूही वाटले, आळिवाचेच. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

तुमच्या गटात पाजणाऱ्या किती आहेत, एवढं या महिन्याच्या बैठकीत विचारा. आणि त्यांना सवड कोण देणार, तेही त्याच वहीत लिहून ठेवा. राम राम.